दोन वाक्यांचा रोल आला तर काय करायचं

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी लागल्या की आमच्या ग्रुपात एक तरी पोरगं तोंड पाडून बसतं. वाचन झालेलं असतं, रोल वाटून झालेले असतात आणि ह्याच्या वाट्याला आलेला असतो हवालदार. एंट्री एक, वाक्यं दोन. (कोल्हापुरात तालीम म्हटलं की लोकांना लाल माती आठवते. आमची तालीम पेठेतल्या एका तालमीच्याच माडीवर चालते. खाली जोर-बैठका, वर आम्ही.) त्या पोराला मी चहाला नेतो आणि विचारतो, "पीट पॉसलथ्वेट नावाच्या नटाला बघितलास का कधी?" बघितलेला असतो, पण नाव माहीत नसतं. बावीस वर्षं मी छोटेच रोल केलेत, तेव्हा एवढ्या एका विषयात बोलायचा मला हक्क आहे. पोटापाण्याला मी शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर आहे, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरनं घेतात तो नमुना बनवणारा.

आधी माणूस कोण ते. १९४६ साली वॉरिंग्टनला, इंग्लंडच्या वायव्येकडच्या कारखान्यांच्या गावात जन्मला. साध्या कामगाराच्या घरचा. आधी मास्तरकी केली, मग ब्रिस्टल ओल्ड विकच्या नाट्यशाळेत शिकला आणि लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात रुळला. एजंटानं सांगितलं, आडनाव बदल. मित्र चिडवायचे की एवढं लांब नाव थिएटरवर दिव्यांनी लिहायचं तर विजेचं बिल परवडणार नाही. यानं नाव बदललं नाही. चेहरा म्हणाल तर गालाची हाडं वर आलेली, नाक चपटं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीशेजारी उभा केला असता तर कुणी वळून बघितलं नसतं.

आता कामाला लागू. एक वही घ्या आणि त्याचे शेवटचे सिनेमे आधी बघा. सगळे सांगतात सुरुवातीपासून बघा. माझं म्हणणं उलटं. शेवटी शेवटी हा माणूस जवळजवळ काहीच करत नाही आणि तरी नजर त्याच्यावरनं हटत नाही. ते आधी डोळ्यांत भरलं की मागं जाऊन ते कुठनं आलं हे शोधता येतं.

पहिला घ्या 'इन्सेप्शन', २०१०. खाटेवर मरणाला टेकलेला उद्योगपती बाप. बोलणं जेमतेम एखाद-दोन वाक्यांचं. "निराश झालो" एवढं तुटक बाहेर पडतं, आणि मुलानं मनात धरलेला त्याचा अर्थ पुढच्या चार शब्दांत पालटतो. त्याच साली 'द टाउन' आला. त्यात तो फुलांच्या दुकानाआडून दरोडेखोर पोसणारा म्हातारा आहे. तो नायकाला धमकी देतो तो प्रसंग आवाज बंद करून बघा. हातात गुलाब, दुसऱ्या हातात कात्री. देठ छाटणं थांबत नाही. धमकी तोंडानं चाललीय आणि हात आपलं रोजचं काम करतायत. वहीत पहिली ओळ ही लिहा: हाताला काम द्या, आणि ते काम त्या माणसाच्या धंद्यातलं असू द्या.

हे आमच्याकडं कसं करायचं? गेल्या साली मला मिसळीच्या हॉटेलातला गल्ल्यावरचा मालक मिळाला. चार रविवार मी एका हॉटेलात गल्ल्यासमोरचं टेबल धरून बसलो. मला वाटायचं मालक गिऱ्हाइकाकडं बघत असणार. नाही. गिऱ्हाईक दारातनं गल्ल्याकडं यायच्या आत आतनं पोऱ्या ओरडतो, "निळा शर्ट, दोन मिसळ, एक ताक!" मालकाचा कान तिकडं. मान खालीच, डाव्या तळव्याखाली चिल्लर, तिच्या चवडी अंगठ्यानं सारख्या करत असतो. गिऱ्हाईक समोर आलं की आकडा तयार आणि सुटे पैसेही तयार. वर बघतो तो एकदाच, उधारीवाला आला की. मी रंगमंचावर तेवढंच केलं. नायक-नायिकेचं भांडण टेबलावर चाललेलं, मी मान खाली घालून चिल्लर लावत होतो, आणि तिनं नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा अंगठा थांबवला. वाक्य माझं नव्हतंच तिथं.

यावरनं दुसरा धडा, ऐकण्याचा. त्यासाठी 'इन द नेम ऑफ द फादर', १९९३. ऑस्करचं सहायक अभिनेत्याचं नामांकन याच कामाला मिळालं. पॉसलथ्वेट झालाय जुझेप्पे कॉनलन, बेलफास्टचा, छातीचा रोगी. इंग्लंडातल्या गिल्डफर्डच्या बॉम्बस्फोटात पोराला धरलं म्हणून त्याला सोडवायला हा लंडनला गेला आणि स्वतःच तुरुंगात अडकला. खरा जुझेप्पे १९८० साली कैदेतच वारला. तो निर्दोष होता हे कोर्टानं मानायला १९९१ उजाडलं. सिनेमात बाप-लेक एका कोठडीत आहेत. प्रत्यक्षात तसं नव्हतं, ती दिग्दर्शकानं घेतलेली मोकळीक. पण त्या मोकळिकीमुळंच तो प्रसंग मिळाला: पोराच्या रोलमधला डॅनियल डे-लुईस लहानपणच्या फुटबॉल मॅचपासून साठलेली सगळी मळमळ बापावर ओकतो. कॅमेरा पोराकडं असला तरी तुम्ही बापाकडं बघा. तो 'मी ऐकतोय' असं दाखवत नाही. मार खातोय तसं ऐकतो. घरी बायकोला सांगा, अर्धा तास मला बोल. उत्तर द्यायचं नाही. (माझ्या घरी हा सराव न सांगताच होतो.)

मग १९९५ चा 'द यूज्वल सस्पेक्ट्स'. यात तो कोबायाशी नावाचा वकील. नाव जपानी, चेहरा वॉरिंग्टनचा, उच्चार कुठल्याच देशाचा पत्ता लागू न देणारा. असं का, ते सांगितलं तर सिनेमाचा विस्कोट होईल. पण बघा, एवढं विचित्र सगळं असूनही तो ते विचित्र म्हणून करत नाही. सभ्य, इस्त्रीचा, कामाशी काम.

इथं मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे. ग्रुपात तिसरं वर्ष होतं, रोल पोस्टमनचा. लक्षात राहावं म्हणून मी स्वतःच्या मनानं त्याला लंगडं केलं, वर तोतरं केलं. एंट्रीलाच हशा. मी खूश. पण ते पत्र होतं पोरगा गेल्याचं. बाईनं पत्र उघडलं तरी मागच्या रांगा हसतच होत्या. पुढचा सगळा प्रसंग पाण्यात. दिग्दर्शक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. लकब घ्यायची तर त्या माणसाला ती दिसता कामा नये.

थिएटरात मात्र सिनेमाचं माप जसंच्या तसं चालत नाही. बिडाचं कास्टिंग थंड होताना आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न मीटरला साधारण दहा मिलिमीटर मोठा ठेवतो. तसंच इथं. चेहऱ्यावर बारीक काही केलंत तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचता पोचता ते आटतं. पण वाढवायचं ते दहा मिलिमीटर. दहा सेंटिमीटर वाढवलं की तो माझा पोस्टमन.

बाकीचे दोन पटकन सांगतो. 'ब्रास्ड ऑफ', १९९६: खाण बंद होत चाललेल्या गावातला बँडमास्तर, छातीत कोळशाची धूळ. आमच्या फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, म्हाताऱ्या कामगारांशेजारी उभं राहिलेल्याला तो खोकला ओळखू येईल. 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज', १९८८: नाताळच्या रात्री पोरांच्या उशाशी मायेनं भेटी ठेवणारा बाप, आणि तोच ताटांसकट टेबलावरचं कापड खेचतो. खलनायक मिळाला तर आधी त्याची माया शोधा.

एक धोका सांगून ठेवतो. आपल्या कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका अस्सल रंगवला की लोक पडद्याबाहेरही त्यांना तसंच समजू लागले. त्याचा त्यांना त्रास झाला. पॉसलथ्वेट बाप, वकील, पाद्री, शिकारी असा फिरत राहिला. शिकारी १९९७ चा, डायनोसॉरच्या 'द लॉस्ट वर्ल्ड'मधला. नंतर त्या सिनेमाचा दिग्दर्शक स्पिलबर्ग त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हणाला. यावर हा म्हणायचा, स्पिलबर्ग म्हणाला असेल की 'पीटला वाटतं तो जगातला सर्वोत्तम नट आहे'. तेव्हा लागोपाठ दोन वर्षं हवालदार देत असतील तर तिसऱ्या वर्षी भांडा.

सिनेमात एवढं नाव झाल्यावरही २००८ साली तो लिव्हरपूलला परतला आणि जिथं उमेदवारी केली त्या एव्हरीमनमध्ये किंग लियर केला. २ जानेवारी २०११ ला कॅन्सरनं गेला. चौसष्ट वर्षांचा होता.

यंदा मला कोर्टातला पट्टेवाला आहे. वाक्यं तीन होती, परवा दिग्दर्शकानं एक काढलं. फाइलीला बांधायची लाल फीत मी आधीच विकत आणलीय. गाठ कशी मारतात ते बघायला सोमवारी अर्धी रजा टाकलीय.