टोकन देण्याआधी एक-चौदाचा उतारा वाचा

गोव्यात चांगलं घर दिसलं की दलाल म्हणतो, ‘आजच टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.’ तरी आधी सर्व्हे नंबर मागून एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारा, काढा. पणजी, मडगावसारख्या शहरी हद्दीत त्याऐवजी फॉर्म डी. मालकाच्या नावावर थांबू नका. कूळ आणि इतर हक्क हे रकाने नीट वाचा, कारण तिथे मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या, कायद्याचं संरक्षण असलेल्या माणसाची) नोंद असेल तर घर रिकामं मिळेलच असं नाही.

खरी गोम सह्यांत असते. इथल्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी निम्मी, म्हणून विक्रीखतावर दोघांची सही हवी. वडिलोपार्जित घर असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांमधली वाटणी, झाली का ते विचारा. नसेल, तर प्रत्येक वारस आणि त्याचा जोडीदार सहीला लागतो. पोर्तुगाल किंवा आखातातला एक भाऊ राहिला तरी व्यवहार अडकतो. नुसतं उताऱ्यावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे. जुनी खतं वकिलाला दाखवाच.

टोकन द्यायचंच तर चेकने द्या आणि ‘टायटल साफ न निघाल्यास पूर्ण परत’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्या.