डिस्क भरलेली, पण फायली कुठेच दिसेनात

घरच्या छोट्या सर्व्हरवर, म्हणजे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चालणाऱ्या एका जुन्या मिनी पीसीवर, फोटो अपलोड होणे अचानक थांबले आणि डेटाबेसही सुरू होईना. डिस्कवरील जागा सांगणारी ‘डीएफ’ कमांड रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम असलेला मुख्य भाग) 100 टक्के भरल्याचे दाखवत होती, तर ‘डीयू’ने केलेली फोल्डरांची बेरीज त्याच्या निम्म्यावरही जात नव्हती. अशी तफावत दिसली की पहिला संशय डिलीट केलेल्या, पण चालू प्रोसेसने उघड्या धरून ठेवलेल्या फायलींवर घ्यावा. उघड्या फायलींची यादी देणाऱ्या ‘एलसॉफ’मध्ये तसे काही आढळले नाही. आयनोडही (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी) भरपूर शिल्लक होते.

खरे कारण माउंटखाली, म्हणजे एका फोल्डरावर जोडलेल्या डिस्कखाली, दडले होते. वीज जाऊन आल्यावर बॅकअपची यूएसबी डिस्क ओळखली गेली नाही. ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) ‘नोफेल’, म्हणजे डिस्क नसली तरी अडू नये असा पर्याय, असल्यामुळे सर्व्हर तिच्याविनाच सुरू झाला आणि रात्रीचा ‘आरसिंक’ (बॅकअपच्या प्रती करणारी कमांड) ती डिस्क जिथे जोडली जाते त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे थेट रूट पार्टिशनवर, लिहीत राहिला. पुढे डिस्क माउंट झाल्यावर त्या प्रती तिच्याखाली झाकल्या गेल्या.

रूट पार्टिशन दुसऱ्या फोल्डरावर साध्या ‘बाइंड’ने (तोच भाग दुसऱ्या जागीही दाखवणारा पर्याय) माउंट करताच (‘आरबाइंड’ वापरल्यास वरची डिस्कही सोबत येते) त्या झाकलेल्या प्रती दिसल्या. यूएसबी डिस्कवरील बॅकअप तपासून त्या काढून टाकल्या. नंतर डिस्क अनमाउंट करून रिकाम्या फोल्डराला ‘सीएचअ‍ॅटर’ कमांडने अपरिवर्तनीय केले, त्यामुळे आता रूट युजरलाही (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) तिथे फाइल तयार करता येत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येही ‘माउंटपॉइंट’ची, म्हणजे डिस्क खरोखर जोडलेली आहे का याची, तपासणी घातली आहे. ‘ईएक्सटी4’ या फाइल सिस्टिमने राखून ठेवलेली 5 टक्के जागा मोकळी करण्याचा सल्ला अनेक जण देतात, रूट पार्टिशनवर तो मी मानला नाही.