पद्मिनीचे पेट्रोल जॉइंट: पाना हातात घ्यायच्या आधीची तयारी

पेट्रोल पाइप बदलणं म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम आहे, पण गाडी उघडून ठेवून मग सामान शोधायला निघालात की संध्याकाळ गेलीच, आणि तोवर उघड्या टोकातून थेंब थेंब पेट्रोल गळत असतं ते वेगळंच. म्हणून ही यादी मुद्दाम पाना लावायच्या आधीची आहे, सगळं टेबलावर आल्याशिवाय एकही पाइप ओढायचा नाही एवढं एकच पथ्य. मी प्रीमियर पद्मिनी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, १०८९ सीसीचं इंजिन, टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनावरच चालणारा मेकॅनिकल पंप आणि वर पेट्रोल-हवा मिसळणारा सोलेक्स कार्बोरेटर. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, पण घरच्या गाड्या अजून बऱ्याच जणांनी सांभाळून ठेवल्यात. अँबॅसिडरवाल्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं, मारुती ८०० वाल्यांनी फक्त लक्षात ठेवा की तुमच्याकडे पंपाला रिटर्नचा, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइपसुद्धा असतो, म्हणजे तपासायच्या जागा वाढल्या.

सगळ्यात आधी कागद-पेन घेऊन गाडीखाली आणि बॉनेटमध्ये डोकं घाला आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जॉइंट मोजा. टाकीतून निघताना एक रबरी तुकडा, मग फ्लोअरखालून जाणारी धातूची नळी, पुढे परत रबर, पंपाला आत जाणारा आणि बाहेर येणारा, शेवटी कार्बोरेटर. मधे कोणीतरी फिल्टर घातला असेल तर दोन जॉइंट वाढले, सीएनजी किट बसवलंय तर पेट्रोल बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचे आणखी दोन. पेट्रोल गळतं ते जास्त करून पाइपाच्या मधून नाही, टोकाला गळतं, त्यामुळे जो जॉइंट काढून टाकता येईल तो काढायचाच. तीन तुकडे जोडून केलेला पाइप दिसला तर तिथे एकच अखंड पाइप लिहून ठेवा. सीएनजीच्या गाड्यांत अजून एक भानगड असते, पेट्रोलवर गाडी महिनोन् महिने चालवलेलीच नसते, रबर आतून सुकून तडकतं आणि मग एक दिवस गॅस संपला म्हणून स्विच पेट्रोलवर टाकला की ठिबकायला लागतं.

आता पाइप विकत घ्यायचा विषय, आणि इथे दुकानात नुसतं 'पेट्रोल पाइप द्या' म्हणू नका, कारण मग मीटरवर मिळणारा तो पारदर्शक प्लास्टिकचा पाइप हातात येतो. टू-व्हीलरला लोक लावतात तो. नवा असताना मस्त मऊ असतो, आत पेट्रोल दिसतं म्हणून बरं वाटतं, पण इंजिनाच्या उष्णतेत पिवळा पडून काचेसारखा कडक होतो आणि क्लिपखाली चिरतो. कार्बोरेटरजवळ तो नकोच. जुना काळा रबरी पाइप 'अजून चांगला आहे' असं मेकॅनिक म्हणाला तरी एकदा काढलेला तुकडा बोटांत धरून घडी घालून बघा, वरच्या बाजूला बारीक भेगांची जाळी उघडते की नाही ते. मग ब्लेडने उभा चिरून आत बोट फिरवा, बोटाला काळी पूड लागली तर तीच पूड कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात जात होती असं समजा. कधी आतला थर फुगून सुटलेला असतो, मग गाडी चढावर मिसिंग करते, म्हणजे अडखळत चालते आणि आपण उगाच प्लग बदलत बसतो.

हे पूर्वीपेक्षा आता जास्त महत्त्वाचं झालंय कारण पेट्रोलच बदललंय. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. आपल्या गाड्या डिझाइन झाल्या तेव्हा इथेनॉलचा विचार कोणी केलाच नव्हता. जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी उभी राहून सुकलं की आकसून तडे जातात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज फिल्टरमध्ये येतो. त्यामुळे पाइप घेताना त्याच्यावर छापलेलं वाचायचं. एसएई जे ३० (पेट्रोल पाइपांचं मानक) च्या पुढे आर ६ किंवा आर ७ असेल तर तो साध्या कार्बोरेटरच्या गाडीचा, ५० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) पाइप. आर ९ असेल तर आतून फ्लुओरो रबरचा थर असतो, १०० पीएसआयला चालतो आणि इथेनॉलला जास्त टिकतो. आपल्या पंपाचं प्रेशर जेमतेम दोन ते पाच पीएसआयच्या घरात, त्यामुळे प्रेशरसाठी आर ९ लागत नाही, तो घ्यायचा तो आतल्या थरासाठी. छापील काहीच नसलेला पाइप कितीही जाड दिसला तरी परत द्या.

मापाबाबत अंदाज चालत नाही. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन पंपाची नळी, धातूच्या लाइनचं टोक आणि कार्बोरेटरची नळी तिन्ही मोजा, तिन्ही सारख्या असतीलच असं नाही कारण मधल्या ४० वर्षांत कोणी काय बदललंय देव जाणे. ६ मिमीच्या नळीवर ८ मिमीचा पाइप घालून क्लिप आवळली की पाइपाला चुणी पडते आणि त्या चुणीतून पेट्रोल झिरपतं, वरून क्लिप मात्र एकदम टाइट लागते. लांबी थोडी जास्त घ्या, इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि बॉडीची लाइन हलत नाही, तर त्या दोघांमधल्या पाइपाला ढील हवी. फार ढील दिलीत तर तो इंजिनाच्या तापलेल्या मॅनिफोल्डला टेकेल, म्हणजे दोन्हीकडून बघायचं.

क्लिपांवर बोलायला मला आवडतं कारण सगळे पाइपावर पैसे घालतात आणि क्लिप जुनीच लावतात. ती भोकं पाडलेल्या पट्टीची नेहमीची होज क्लिप रेडिएटरच्या जाड पाइपाला ठीक आहे. बारीक पेट्रोल पाइपावर ती आवळली की पट्टीच्या कडा आणि भोकं रबरात रुततात. काढून बघितलंत तर रबरावर चौकोनी ठसे ओळीने उमटलेले दिसतील आणि त्यातल्या एका ठशाच्या कडेला चीर सुरू झालेली असते. शिवाय इतक्या लहान व्यासाला ती पट्टी गोल बसतच नाही, स्क्रूच्या घराखाली सपाट राहते आणि नेमकं तिथूनच गळतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना येते ती नटबोल्टवाली क्लिप मागा, पट्टीला भोकं नसतात आणि कडा बाहेरच्या बाजूला वळवलेल्या असतात. पाइपाच्या बाहेरच्या मापाची घ्या, आतल्या नाही. जॉइंट मोजलेत तेवढ्या आणि वर दोन. तार पिळून बांधलेला जॉइंट कुठे दिसला तर त्याच्यावर दोन शब्द बोलून तो आधी काढा.

आता खरी मेख. रबर नवं, क्लिप नवी, आणि तरी धोका राहतो तो कार्बोरेटरच्या झाकणातल्या पितळी नळीत. काही कार्बोरेटरांत ही नळी आट्यांनी बसवलेली असते, काहींत बँजो बोल्ट, म्हणजे आतून पेट्रोल जाऊ देणारा पोकळ बोल्ट असतो, आणि काहींत नुसती ठोकून बसवलेली असते. झाकण जस्ताच्या मऊ मिश्रधातूचं, नळी पितळेची, वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन आणि पाइप ओढताना मेकॅनिकने पक्कडीने हिसके देऊन ती ढिली होते. मग एक दिवस पाइप आणि क्लिपसकट नळीच बाहेर येते आणि चालू पंप सगळं पेट्रोल गरम इंजिनावर ओततो. फोक्सवॅगन बीटलवाले या नळीला जाम घाबरून असतात आणि ते बरोबरच आहे. इंजिन थंड असताना नळी बोटांनी धरून हलकेच फिरवून बघा. केसाएवढी जरी हलली तरी झाकण उतरवून लेथवाल्याकडे न्यायचं, भोकाला आटे पाडून घ्यायचे आणि आट्यांची पितळी निपल, म्हणजे पाइप चढवायची छोटी नळी बसवायची. आटे पाडताना निघालेला चुरा धुऊन काढा, आणि आट्यांना टेफ्लॉन टेप नको, तिचा एक धागा सुटून फ्लोटच्या सुईखाली (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवते ती सुई) अडकला की कार्बोरेटर ओव्हरफ्लो. पेट्रोलला टिकणारं थ्रेड सीलंट मिळतं ते आणून ठेवा. निपल जोर लावून पिळू नका, झाकण तडकतं. नळीभोवती एमसील थापणं हा इलाज नाही, तो फक्त गळती दिसू देत नाही. बँजो बोल्ट असेल तर दोन्ही बाजूंचे वॉशर नवे घ्या, जुने एकदा दबलेले असतात. पंपाच्या बॉडीतल्या नळ्यांनाही हीच बोटाची परीक्षा, आणि जाता जाता डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा गेलाय आणि मग पंपाचं किटही यादीत.

फिल्टर एकच ठेवा, टाकी आणि पंपाच्या मधे, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, बाण पंपाकडे. काचेचा फिल्टर दिसायला सुंदर पण बॉनेटमध्ये नको. डिस्ट्रिब्युटरच्या वर तर कुठलाच जॉइंट नको.

जागा ठरवा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम करायचं नाही, गॅरेजच्या खड्ड्यावरही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती जमिनीलगत सरकत जाते आणि खोलगट जागी साचते, आणि पेट्रोल उणे ४० अंशाच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात काय होत असेल बघा. बंगल्याच्या पोर्चमध्ये करत असाल तर तळमजल्यावरच्या देवघरात समई तेवत नाहीये ना, गॅस गीझर चालू नाही ना ते बघून या. वॉचमनला बिडी घेऊन लांब पाठवा. उजेडाला वायरवाला बल्ब नको, तो पडून फुटला की संपलं, एलईडी टॉर्च घ्या. अंगावर सुती कपडे, डोळ्याला चष्मा, कारण गाडीखाली झोपून वर बघताना थेंब नेमका डोळ्यात येतो. दोन किलोचा एबीसी पावडरवाला फायर एक्स्टिंग्विशर, काटा हिरव्यात असलेला, हाताच्या अंतरावर आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला नाही. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर उलट काम करते, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. सोबत एक माणूस असू द्या, ज्याला एक्स्टिंग्विशरची पिन कशी काढतात ते आधी दाखवलेलं आहे.

कामाच्या दिवशी टाकी जवळपास रिकामी असेल असं आठवडाभर आधीपासून बघा. इंजिन पूर्ण थंड, सकाळची वेळ. बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिली काढायची. मग टाकीचं झाकण उघडा, उन्हात तापलेल्या टाकीत प्रेशर असतं आणि ते न सोडता पाइप ओढलात तर कारंजं उडतं. निघालेलं पेट्रोल घ्यायला धातूचा डबा, पाण्याची बाटली नाही. धातूच्या लाइनचं टोक बंद करायला रबरी टोपी, किंवा पाइपाचा छोटा तुकडा आणि त्यात घट्ट बसेल असा बोल्ट, हे आधीच करून खिशात ठेवा, नाहीतर सायफन सुरू झाला की बोट लावून बसावं लागतं आणि दुसऱ्या हाताने काही करता येत नाही. जुना पाइप ओढून काढू नका, उभा चिरून सोडवा, म्हणजे त्या पितळी नळीला हिसका बसत नाही. युनियन (नटाने आवळलेला धातूच्या नळीचा जॉइंट) सोडवताना दोन पाने, एक नट फिरवायला आणि एक मागचं धरायला. फडकी भरपूर, वापरलेली लगेच उघड्यावर वाळत टाका, कोपऱ्यात बोळा करून नाही.

बसवताना पाइप नळीवर दोन-अडीच सेंटीमीटर आत गेला पाहिजे आणि क्लिप नळीच्या फुगीर कड्याच्या मागे, अगदी टोकाशी नाही. मग पंपाला हाताने मारायची दांडी असेल तर तिने पेट्रोल वर आणा, नसेल तर बॅटरी जोडून कॉइलला इग्निशनकडून येणारी बारीक वायर काढून, तिचं टोक इन्सुलेट करून स्टार्टर थोडा थोडा मारा, आणि प्रत्येक जॉइंटभोवती कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल टिश्यूवर कळते. मगच इंजिन चालू, दहा मिनिटं आयडलवर, पुन्हा टिश्यू, बंद करून पुन्हा एकदा, कारण गरम झाल्यावर काही जॉइंट वेगळे वागतात. जॉइंट कोरडे आणि कार्बोरेटर मात्र बाहेरून ओला असेल तर दोष पाइपात शोधू नका, फ्लोटची सुई बघा.

घाटात पंपातलं पेट्रोल तापून वाफ झाली आणि गाडी बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाकायची आपली जुनी पद्धत आहे, त्यात चूक नाही, पण कोणी यावर उपाय म्हणून इलेक्ट्रिक पंप सुचवला तर तो कमी प्रेशरचा, कार्बोरेटरसाठीचाच आहे ना आणि धक्का बसला की बंद करणारा स्विच आहे ना ते विचारल्याशिवाय हो म्हणू नका. मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर थांबतो, इलेक्ट्रिक पंप अपघातानंतरही पेट्रोल फेकत राहतो.

दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर सगळ्या क्लिपा परत एकदा हाताने बघायच्या, नवं रबर बसतं आणि क्लिप ढिली पडते, अर्धा आटा पुरतो. डिकीत फूटभर तोच पाइप, उरलेल्या दोन क्लिपा, त्यांना लागणारा स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च एका पिशवीत ठेवून द्या. रस्त्यात कोणी टाकीच्या गळतीला साबण चोळून दिला तर तेवढ्यावर गावाकडचा बेत पुढे रेटू नका, जवळच्या गॅरेजपर्यंत तो धरतो, त्याच्यापुढे नाही.