विदर्भातल्या गावांत संकटातल्या मुलांसोबत काम करायचं असेल तर

मे आणि जून हे या कामातले सगळ्यात अवघड महिने, आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रात एमए झालेली नवी मुलं-मुली नेमकी त्याच सुमारास रुजू होतात. बारावीचा निकाल लागलेला असतो, दहावीचा त्याच्या मागेपुढे. घरात पेरणीची धांदल असते, बियाण्याला पैसा नसतो, पीककर्जासाठी बाप बँकेच्या पायऱ्या झिजवत असतो. अशा घरात पोरगं नापास झालं की सगळ्यांचा राग त्याच्यावर निघतो, नाहीतर त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. दहावी झालेल्या पोरीला त्याच उन्हाळ्यात स्थळं यायला लागतात. आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मुलांना रोज पाहणारे गुरुजी आणि मॅडमही तेव्हा गावात नसतात.

मी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मानसिक आजारात माणसाला आणि त्याच्या घरच्यांना साथ देणारी समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. नव्याने येणारे मला विचारतात, कोणती थेरपी आधी शिकू? थेरपी शिका, जरूर शिका. पण खेड्यातलं संकटातलं मूल तुमच्यापर्यंत चालत येत नाही. त्याच्या आसपासची चार मोठी माणसं जागी असतील तरच ते तुमच्यापर्यंत पोहोचतं आणि तुम्ही परत गेल्यावर सुरक्षित राहतं. ही माणसं शोधणं, त्यांना बोलतं करणं, त्यांना धरून ठेवणं यातच माझा निम्म्याहून जास्त वेळ जातो. तो वाया जातो असं मला कधीच वाटलं नाही.

'मी निराश आहे' असं कुठलंही मूल म्हणत नाही. 'पोटात दुखते', 'डोकं जड झालं', 'काही गमत नाही', 'शाळेत नाही जात मी' एवढंच कानावर येतं. आश्रमशाळेत एक मुलगी चक्कर येऊन पडते आणि आठवडाभरात आणखी चौघी पडतात. एखादं पोरगं हातावरच्या जखमा झाकायला उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट सोडत नाही. एखादा पोरगा आपली आवडती बॅट किंवा सायकल लहान भावाला देऊन टाकतो. हे आधी पाहते ती आशाताई, शाळेत खिचडी शिजवणारी मावशी, वसतिगृहाची अधीक्षिका किंवा पानठेल्यावर बसणारा दोस्त. मावशीला मी नेहमी विचारते, 'कोण पोरगं ताट तसंच ठेवून उठते?' तिच्या उत्तरातून जेवढं कळतं तेवढं हजेरीपटातून कळत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. हा आकडा आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या हायस्कुलाला लावून बघा. मग कळेल की प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी असणार, आणि जिल्ह्यातल्या मोजक्या मानसोपचारतज्ज्ञांना ते सगळे कधीच भेटणार नाहीत. गावातल्याच माणसांना शिकवून फरक पडतो हे विदर्भात सिद्धही झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. तो कार्यक्रम मोठ्यांसाठी होता, पण त्याची रीत मुलांसाठीही उपयोगी आहे: आधी गावातल्या माणसाला तयार करा, डॉक्टर त्याच्या मागे उभा ठेवा.

आता पहिल्या भेटीबद्दल, कारण नवे लोक इथे सगळ्यात जास्त घाबरतात. घरी गेलात की ओसरीवर सतरंजी अंथरली जाते, चहा येतो आणि पाच मिनिटांत शेजारपाजार गोळा होतो. त्या गर्दीत मुलाला काहीही विचारू नका. घरच्यांशी पीकपाण्याचं बोला, आजीच्या गुडघ्याचं विचारा. मग सहज म्हणा, 'चल रे, मला शाळा दाखव.' चालता चालता मूल जास्त बोलतं. मुलगी असेल तर आशाताईला सोबत घ्या आणि सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बसा. शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा पार चांगला. बंद खोली नको. गावात त्याची चर्चा होते आणि त्रास मुलीलाच होतो.

सुरुवातीलाच सांगून टाका: 'तू मला सांगशील ते मी गावात कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्या अंगाशी वाईट वागलं असेल, तर मला मदतीला माणसं घ्यावी लागतील. कुणाला घ्यायचं ते आपण मिळून ठरवू.' हे आधी सांगितलं तर मूल गप्प होईल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. नियम माहीत असला की मुलं निर्धास्तपणे बोलतात.

आणि मरणाबद्दल थेट विचारा. 'मरून जावं असं मनात येतं का?' एवढ्याच साध्या शब्दांत. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो हा समज खरा नाही. 'हो' आलं तर पुढचं विचारा. किती दिवसांपासून? कसं, केव्हा, काही ठरवलंय का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? आत्ता घरात कोण आहे? मूल बोलत असताना 'असं बोलू नये', 'आईबापाचा विचार कर' ही वाक्यं घशातच अडवा. मुलं आईबापाचाच विचार करून थकलेली असतात. 'माझ्यामागचा खर्च तरी वाचेल' हे मी शाळकरी मुलांच्या तोंडून ऐकलंय. ठरवलंय असं मूल सांगत असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

इथून पुढचं काम कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे फवारणीचं औषध घरातच असतं, माळ्यावर किंवा खाटेखाली. हंगाम संपला तरी उरलेली बाटली टाकवत नाही, कारण ती महागाची असते. किशोरवयातला आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात विष हाताशी नसणं हाच जीव वाचण्यातला फरक ठरतो. म्हणून समुपदेशनाची पहिली बैठक संपायच्या आत वडिलांना किंवा काकांना बाजूला घ्या. औषध घराबाहेर हलवायला सांगा, शेतातल्या कुलूपबंद पेटीत किंवा नात्यातल्या दुसऱ्या घरी. किल्ली एकाच मोठ्या माणसाच्या कमरेला. 'उद्या करतो' हे ऐकून उठू नका, तिथेच थांबा आणि डोळ्यांदेखत हलवून घ्या. यात संकोच वाटतो, पाहुण्याने घरात ढवळाढवळ केल्यासारखं होतं. तरीही करा.

विष घेतल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन लावा. मिठाचं पाणी, ताक, काहीही पाजू नका, उलटी करवू नका, बाटली सोबत न्या. दुसऱ्या दिवशी पोरगं उठून बसलं की घरचे सुट्टी मागतात, त्यांना समजावून थांबवा. काही कीटकनाशकांमध्ये श्वासाचा त्रास दोन-तीन दिवसांनी उद्भवतो.

घरचे दवाखान्यापेक्षा पोलिसांना जास्त घाबरतात. त्यांना कायदा सोप्या शब्दांत सांगता आला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असं मानतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती. तिला शिक्षा द्यायची नसते, तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला येतील, तो पोराला गुन्हेगार ठरवण्यासाठी नसतो, हे आधीच सांगून ठेवा.

पॉक्सोचं मात्र वेगळं. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, तुम्हालाही. सोळा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने एखाद्या पोराबरोबर असली तरी कायदा तिची संमती मानत नाही. अशा वेळी मुलीला वाटतं, ताईने विश्वासघात केला. ती तसं तोंडावर म्हणते आणि ते सहन करावं लागतं. तक्रार होताना, मेडिकलच्या वेळी, बाल कल्याण समितीपुढे तिच्या शेजारी बसून राहा. तिचं नाव, गाव, शाळा कुठेही फुटू देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या मुलांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे आपल्या भागाचं दुखणं आहे आणि पुस्तकांत ते फारसं सापडत नाही. बापाच्या तेराव्याला प्रत्येक पाहुणा बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, 'आता तूच घरचा कर्ता.' पोरगं त्या दिवसापासून रडणं बंद करतं. सरकारी मदतीसाठी पात्र-अपात्रतेची चौकशी सुरू होते, तलाठी येतात, पंचनाम्याचे कागद फिरतात, आणि मूल दाराआडून बापाचं मरण पुन्हा पुन्हा ऐकतं. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत मिळते, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर मुलाला वाटतं, सरकारने बापाला खोटं ठरवलं. या मुलांशी बोलताना 'बाबा असे का वागले' या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. बापाचा राग येणं चुकीचं नाही, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला लागतं. सोबत बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्या. महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि शाळा सुटण्याचं एक कारण कमी होतं. असा अर्ज भरणं हाही मानसिक आरोग्याचाच उपचार आहे असं मी ठामपणे मानते. बाप गेलेल्या घरात पुढच्या वर्षीच्या पोळ्याला आणि निकालाच्या दिवशी आवर्जून जा.

मांत्रिक, देवर्षी, मेळघाटात भूमका यांच्याशी भांडत बसू नका. घरचे त्यांच्याकडे आधी जाणारच. मी त्यांना भेटते, नमस्कार करते आणि सांगते, 'तुमचं चालू द्या, पण पोरगी जेवत नसेल, झोपत नसेल, मरणाचं बोलत असेल तर मला फोन करा.' काही जण खरंच करतात. मुलाला चटके देणं, मारणं, कोंडणं असेल तर मात्र गय नाही; त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

सरकारी वाट अशी: उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, मग जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक. त्यांचा ग्रामीण रुग्णालयात यायचा वार पाठ करून ठेवा. गंभीर असेल तर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम किंवा नागपूर. रात्री-बेरात्री सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. चिठ्ठी देऊन 'जा' म्हटलं तर दहापैकी बहुतेक घरं जात नाहीत. एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी आड येते. पहिल्या खेपेला स्वतः सोबत जा.

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. सगळ्यांना वाटतं, संकट टळलं, आणि पहारा सुटतो. त्या काळात आठवड्यातून एकदा तरी चेहरा दाखवा, मधे फोन करा. शाळेत परतायच्या आधी वर्गशिक्षकांशी बोला: पहिल्या दिवशी कुठे बसायचं, पोरांनी विचारलं तर काय सांगायचं, हे मुलासोबत ठरवून घ्या. नापास झालेल्याला पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायला बसवा. हातात पुढची तारीख असली की बोलणंही बदलतं.

शिक्षणाचं थोडक्यात. एमएसडब्ल्यू किंवा एमए नंतर काम करता येतं, पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असल्याशिवाय लावू नका. पुष्कळ पदं कंत्राटी असतात, हे धरून चाला. आठवड्यातून एकदा अनुभवी माणसासमोर आपल्या केस मांडता येतील अशीच जागा निवडा, पगार थोडा कमी असला तरी. मूल गमावण्याची वेळ या कामात येऊ शकते आणि तेव्हा एकट्याने घरी जाऊ नये.

पहिल्या महिन्यात एकही केस हाती घेतली नाही तरी चालेल. आशाताई, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक, पोलीस पाटील, कृषी केंद्राचा दुकानदार यांना भेटा. दुकानदाराला सांगा, एकट्या आलेल्या लहान पोराला औषध देऊ नका, आणि तसं कुणी आलं तर मला फोन करा. प्रत्येकाकडे तुमचा नंबर कागदावर लिहून द्या, कारण मोबाइल बदलतात. पेरणीच्या दिवसांत सकाळी गावात कुणी सापडत नाही, संध्याकाळी जा, आणि शेवटची एसटी किती वाजता निघते ते गेल्या गेल्या विचारून घ्या.