आठवा महिना, पहिली-दुसरीचा वर्ग आणि हातांची खुर्ची

पाटण तालुक्यात डोंगरावर आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे, पोरं २२. डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख २० फेब्रुवारीची होती आणि मी ५ फेब्रुवारीपर्यंत वर्गावर होते. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या, दोघीतिघींनी "कसं जमवलं बाई?" म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर यातलं काही करू नका, सरळ घरी बसा.

आधी खुर्चीचं बघा. आमच्या सातारा जिल्ह्यात ज्ञानरचनावादाचं, म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकायचं, वारं आलं तेव्हापासून पहिली-दुसरीची बाई म्हणजे फरशीवर बसणारी बाई. अक्षरं, अंक, सापशिडी, सगळं फरशीवरच रंगवलेलं. सातव्या महिन्यात एकदा मांडी घालून बसले आणि उठताच येईना. दोन पोरींनी हात धरले, एक पोरगा पाठीमागून ढकलायला लागला. मला हसू आवरेना, त्यामुळे आणखीच उठवेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातली हातांची लाकडी खुर्ची वर्गात आणली. प्लास्टिकची घेऊ नका, शहाबादीवर सरकते आणि उठताना जोर द्यायला भक्कम हात लागतात. पाय लोंबकळत ठेवले की संध्याकाळपर्यंत सुजायचे, म्हणून खाली गणित पेटी ठेवली. साहित्याचा असा वापर कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत.

खुर्चीत बसून शिकवणं म्हणजे कामचुकारपणा, असं मलाच आतून वाटायचं. मग वर्गाचीच मांडणी बदलली. आधी मी पोरांमध्ये फिरायचे, आता चार-चार पोरं पाटी घेऊन माझ्याकडे यायची. बाकीची दुसरीतल्या एका हुशार पोरीच्या हाताखाली मणी-काड्या घेऊन बसायची. खरं सांगू का, चौघांचं वाचन जवळून ऐकल्यावर कळलं की एक पोरगा वाचतच नव्हता, धडा पाठ म्हणत होता. फिरता फिरता ते माझ्या सहा महिन्यांत ध्यानात आलं नव्हतं. फळ्यावरचं लेखन पोरांना दिलं. फळ्याच्या खालच्या पट्ट्याला त्यांचा हात पुरतो, वरच्या भागात मी सकाळी आल्या आल्या एकदाच लिहून ठेवायचे.

आवाजाचंही तसंच. आठव्या महिन्यात दम लागतो, दोन कडवी सलग म्हणवत नाहीत. घरातली भजनाची खंजिरी नेली. एकदा वाजली की गप्प, दोनदा वाजली की गट बदलायचा. कविता डिसेंबरातच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्या रजेच्या काळातही कामाला आल्या.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते, स्वच्छतागृह. दर तासाला जावं लागतं, आणि आपल्याकडे खाली बसायचं भांडं. पुष्कळ बायका पाणीच कमी पितात. ते करू नका, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो आणि या दिवसांत तो महागात पडतो. आमच्या शाळेत दिव्यांग मुलांसाठी बांधलेलं कमोडचं स्वच्छतागृह होतं, पण त्यात जुने खराटे आणि मोडके बाक भरलेले. गुरुजींना हे कसं सांगायचं यात माझे आठ दिवस गेले. शेवटी स्वयंपाकाच्या ताईंनी सांगितलं आणि तासाभरात खोली रिकामी झाली. तुमच्या शाळेतही असं एखादं कुलूप असेल, ते आधी उघडून घ्या. मी बाहेर गेले की वर्ग कोण बघणार हेही ठरवून टाका. आमच्यात दोन्ही वर्गांमधलं दार उघडं ठेवायचं ठरलं.

पोषण आहाराची चव बघून वहीत नोंद करायचं काम माझ्याकडे होतं. खिचडी तिखट असली की छातीत जळजळ व्हायची, म्हणून ते गुरुजींकडे दिलं. डब्याचे मी दोन भाग केले होते, एक परिपाठानंतर, एक मधल्या सुट्टीत. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. स्टाफरूममधल्या चहापासून ती लांब ठेवा.

प्रवास. स्कूटी सातव्यातच बंद केली, घाटात रस्ता नुसता खड्ड्यांचा. वडापवाल्या (शेअर जीपच्या) दादांना सांगून पुढची जागा ठरवून घेतली. त्यांनी कधी तिथं दुसऱ्याला बसवलं नाही, पण गाडी हळू चालवली असंही नाही. रोज ओरडावं लागायचं.

वर्गात चालता-बोलता बाळाची हालचाल कळत नाही, आणि आपण "आज कामात होते" म्हणून सोडून देतो. रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवली पाहिजे. नेहमीपेक्षा कमी वाटली, रक्त किंवा पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्याला-हातांना सूज आली, तर शाळा सुटायची वाट बघायची नाही. १०८ किंवा १०२ ला फोन. माता-बाल संरक्षण कार्ड शाळेच्या पिशवीत ठेवा आणि ते कुठल्या कप्प्यात आहे ते गुरुजींना दाखवून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशीची रजा आधीच टाकून ठेवावी.

जानेवारीत वर्गात एका पोराला कांजिण्या निघाल्या. मला लहानपणी येऊन गेल्या होत्या का, हे आईला फोन करून विचारलं. होत्या, म्हणून निभावलं. तुम्हाला आल्या नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. प्रसूतीच्या तोंडावर कांजिण्या झाल्या तर बाळाच्या जिवाला धोका असतो.

२६ जानेवारीला राष्ट्रगीत, राज्यगीत उभं राहून म्हटलं आणि बसले. भाषणं सगळी बसून ऐकली. कुणी काही म्हटलं नाही. म्हणालं असतं तरी बसलेच असते.

रजेचे कागद सातव्या महिन्यातच करा. आम्हाला १८० दिवस मिळतात. अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर जातो. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. माझा पहिला अर्ज वाटेत कुठे बसला ते आजवर कळलेलं नाही, पोच होती म्हणून वाचले. नंतर सेवापुस्तकात नोंद झाली का तेही बघा. खासगी शाळेतल्या मैत्रिणींसाठी १९६१चा प्रसूती लाभ कायदा होता, नोव्हेंबर २०२५पासून त्याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या तारखेआधी. शेवटच्या साधारण दहा आठवड्यांत आपण मागणी केली तर फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही, हेही त्यातच आहे. संस्थाचालक आपण होऊन सांगणार नाहीत, मागावं लागतं.

माझ्या जागी येणाऱ्या बाईंसाठी मी एक वही केली. गुण आणि वर्णनात्मक नोंदी पोर्टलवर असतातच, त्या लिहिल्या नाहीत. कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, कोण उपाशी येतं, पाऊस आला की कोण रडतं, वजाबाकीत हातचा घेताना कोण कुठे अडतं, असं प्रत्येकाला एक पान. रात्री एक-दोन पानं लिहिली की महिन्यात होतं. नवव्यावर ठेवू नका, तेव्हा पेन धरून बसवत नाही.

कळा रविवारी सुरू झाल्या, मुलगी झाली. सोमवारी परिपाठात गुरुजींनी सांगितलं तेव्हा टाळ्या वाजल्या म्हणे. मग पहिलीतल्या एकाने विचारलं, "आता बाई परत खाली बसतील का?"