सोलापुरातून गेम डिझाइनच्या पदवीपर्यंत: तयारी आणि निवड कशी करावी

बारावीनंतर व्हिडिओ गेम डिझाइन शिकायचे ठरवणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यापुढची पहिली अडचण प्रवेश परीक्षेची नसते. हा अभ्यासक्रम नेमके काय शिकवतो, हे घरच्यांना आणि पुष्कळदा विद्यार्थ्यालाही स्पष्ट नसते, ही खरी अडचण असते. घरच्यांच्या मनात गेमिंग म्हटले की मोबाइलवरची रमी आणि त्यात बुडालेले पैसे येतात. त्यांना शांतपणे सांगावे की, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली असून ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे वा शैक्षणिक खेळ त्यातून वेगळे ठेवले आहेत. सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात गेम बनवणारे स्टुडिओ आहेत आणि २०२० साली जगभर प्रसिद्ध झालेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्याच नोडिंग हेड्स गेम्स या चमूने घडवला, हेही सांगावे. विद्यार्थ्याने स्वतःला मात्र एक गोष्ट बजावून ठेवावी: तासन्‌तास खेळणे ही या शिक्षणाची तयारी नव्हे. छोटा खेळ बनवून तो दुसऱ्याला खेळायला देणे आणि तो कुठे अडतो ते पाहणे, हीच खरी तयारी आहे; अभ्यासक्रमाची निवडही याच कसोटीवर करावी.

गेम डिझायनर मुख्यतः नियम ठरवतो. चित्रे काढणारे, प्रोग्रॅमिंग करणारे, ध्वनी रचणारे लोक वेगळे असू शकतात. खेळाडूला कोणत्या क्षणी कोणता निर्णय घ्यावा लागेल आणि तो निर्णय अवघड का वाटेल, ही जबाबदारी डिझायनरची. हे काम संगणकाच्या पुष्कळ आधीपासून चालत आले आहे. आपल्याकडे परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात सद्गुणांच्या घरांतून शिडी वर नेते आणि दुर्गुणांच्या घरात साप खाली ओढतो. म्हणजे जे सांगायचे ते पाटीवर लिहून न ठेवता सोंगटीच्या हालचालीतून सांगितलेले आहे. नियमातून अर्थ उभा करणे हाच या विद्येचा गाभा आहे आणि तो वही-पेन्सिलीने शिकता येतो.

म्हणून पहिला खेळ पुठ्ठ्यावर करावा आणि विषय आपल्या ओळखीचा घ्यावा. उदाहरणार्थ, यंत्रमागावरचा कामगार. पुठ्ठ्यावर एका ओळीत चार चौकोन आखा. हे चार माग. एक सोंगटी म्हणजे कामगार. प्रत्येक फेरीत चालू असलेला माग एक गुण देतो. प्रत्येक मागाची कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, तीन फेऱ्यांत संपते आणि ती बदलेपर्यंत माग बंद राहतो. दर फेरीला एकदा फासा टाकायचा. एक ते चार यांपैकी जो आकडा पडेल त्या मागाचा धागा तुटतो, पाच किंवा सहा पडले तर काही होत नाही. कामगाराला एका फेरीत दोनच कामे करता येतात: एक घर चालणे, समोरच्या मागाची कांडी बदलणे किंवा तुटलेला धागा जोडणे. बारा फेऱ्यांनंतर गुण मोजायचे.

हा खेळ भावंडाला, शेजाऱ्याला आणि जमल्यास मागावर प्रत्यक्ष काम केलेल्या एखाद्या काकांना खेळायला द्या आणि आपण गप्प बसून पाहा. थोड्याच वेळात चतुर खेळाडू मधले दोनच माग सांभाळू लागेल आणि कडेचे दोन बंद पडू देईल. हिशेब केला तर तो बरोबर आहे, असेच दिसेल: चारही माग चालवायचे तर नुसत्या कांड्या आणि धागे यांसाठीच दर फेरीला सरासरी दोन कामे लागतात, मग चालायला काम उरतच नाही. खेळ इथे मरतो, कारण खेळाडूपुढे निर्णय शिल्लक राहत नाही. आता एकच नियम बदला. कांडी तीनऐवजी पाच फेऱ्या टिकू द्या. दर फेरीची सरासरी गरज दीड कामाच्या आसपास येते, चारही माग जेमतेम आवाक्यात येतात आणि प्रत्येक वेळी कोणता माग थोडा वेळ बंद राहू द्यायचा, हा प्रश्न खराखुरा होतो. एका वेळी एकच नियम बदलावा, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. कोणत्या खेळाडूने काय केले, आपण काय बदलले आणि का, याची तारखेसह वही ठेवावी. मुलाखतीत अशी वही चकचकीत चित्रांपेक्षा अधिक बोलते, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर संगणक. घरात साधा लॅपटॉप असेल तर गोडो या मुक्त आणि विनामूल्य इंजिनपासून, म्हणजे खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरपासून, सुरुवात करावी. ते कमी ताकदीच्या यंत्रावरही चालते आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा नवशिक्याला सोपी जाते. युनिटी या इंजिनसाठी सी शार्प आणि अनरियल या इंजिनसाठी सी प्लस प्लस ही भाषा शिकावी लागते. अनरियलमध्ये ब्लूप्रिंट ही चित्ररूप जोडणीची पद्धतही आहे. इंजिन कोणते, यावर महिनोन्‌महिने चर्चा करण्यापेक्षा दहा मिनिटांत संपणारा एक खेळ पूर्ण करून इच डॉट आयओ या खेळ प्रसिद्ध करण्याच्या संकेतस्थळावर ठेवणे महत्त्वाचे आहे. अर्धवट राहिलेल्या भव्य खेळाला प्रवेशाच्या वेळी किंमत नसते.

प्रवेशाचे मार्ग दोन आहेत. पहिला, बारावीनंतर थेट डिझाइनची पदवी. आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी यूसीड ही परीक्षा कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, मात्र जास्तीत जास्त दोनदा आणि तीही लागोपाठच्या वर्षांत. तिचा एक भाग संगणकावर सोडवायचा असतो आणि दुसऱ्यात हाताने चित्र काढून दाखवावे लागते. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, त्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने अकरावीपासून रोज थोडे इंग्रजी वाचन ठेवावे. परीक्षा साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी येते, म्हणजे गड्ड्याची यात्रा भरलेली असतानाच. घरच्यांना याची कल्पना आधी द्यावी. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, अर्थात एनआयडीची, प्रवेश परीक्षा याहून वेगळी असते. पुण्याच्या आसपासच्या खासगी विद्यापीठांच्याही आपापल्या परीक्षा असतात; त्यांपैकी लोणी काळभोरचे एमआयटी एडीटी विद्यापीठ तर सोलापूर-पुणे मार्गावरच आहे.

दुसरा मार्ग सोलापुरात राहून जाणारा आहे आणि पैशांची ओढाताण असलेल्या घरासाठी तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. शहरातच संगणकशास्त्राची वा अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून खेळच निवडावा आणि त्यानंतर एनआयडीच्या बंगळूरु केंद्रातील डिजिटल गेम डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी किंवा सीड या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून आयआयटींच्या एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी, प्रयत्न करावा. या काळात पोटापाण्याची एक पदवी हाती असते आणि प्रोग्रॅमिंग पक्के झालेले असते. चित्रकलेचा सराव मात्र स्वतःच्या शिस्तीने करावा लागतो.

खासगी संस्थेची निवड करताना माहितीपत्रकावर विसंबू नये. संस्थेत प्रत्यक्ष जावे; सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन रात्री परत येता येते. तिथे गेल्यावर विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले खेळ स्वतः खेळायला मागावेत. ते दाखवता येत नसतील किंवा नुसते चित्रफितीतच दाखवले जात असतील, तर तिथे बहुधा ॲनिमेशनच शिकवले जाते आणि गेम हे नाव वरून चिकटवलेले असते. पहिल्या वर्षी कागदी खेळ करवून घेतात का, अनोळखी लोकांकडून खेळ तपासून घेण्याला गुण आहेत का, चित्रकार आणि प्रोग्रॅमर विद्यार्थी एकत्र चमूत काम करतात का, शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः खेळ प्रसिद्ध केला आहे का, हे प्रश्न थेट विचारावेत. शेवटच्या वर्षातील एखाद्या विद्यार्थ्याशी प्रवेशकक्षाबाहेर बोलावे. मिळणारे प्रमाणपत्र पदवीचे आहे की केवळ पदविकेचे, हे लेखी घ्यावे आणि विद्यापीठाची मान्यता यूजीसीच्या संकेतस्थळावर तपासावी.

खर्चाचा हिशेब शुल्कापाशी थांबवू नये. वसतिगृह, जेवण, ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप आणि दरवर्षी होणारी शुल्कवाढ धरून सर्व वर्षांची बेरीज कागदावर मांडावी. महाडीबीटीवरील सगळ्याच शिष्यवृत्ती योजना खासगी व अभिमत विद्यापीठांना लागू होत नाहीत; आपल्या प्रवर्गाला आणि त्या संस्थेला कोणती योजना लागू आहे, याची खात्री प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी करावी. शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो.

प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच सत्रात आपल्याहून वेगळे कौशल्य असलेले दोन सहकारी शोधावेत. जानेवारीत जगभर होणाऱ्या ग्लोबल गेम जॅममध्ये त्यांच्यासह उतरावे; ठरलेल्या विषयावर थोडक्या वेळात खेळ पूर्ण करण्याची सवय तिथे लागते आणि कोणाबरोबर आपले जमते, हेही तिथेच कळते. सुट्टीत घरी याल तेव्हा तयार झालेला खेळ आईवडिलांच्या हातात द्या, कसा खेळायचा ते सांगू नका आणि त्यांचे बोट पहिल्यांदा कुठे थबकते, ते वहीत नोंदवा.