ट्रस्टच्या रुग्णालयाचा वार्षिक अहवाल : आकडे कुठून काढायचे, कसे जुळवायचे

अहवालाचं काम ऑगस्टमध्ये, छापखान्याचा फोन आल्यावर सुरू केलं तर आकडे चुकणारच. ते ३१ मार्चच्या रात्री सुरू करायचं. त्या रात्री १२ वाजता चार गोष्टी मोजून कागदावर घ्या आणि खाली सह्या घ्या: वॉर्डात प्रत्यक्ष असलेले पेशंट, मेडिकल स्टोअरमधला साठा, बिलिंग काउंटरची रोकड आणि आत असलेल्या पेशंटची अर्धवट बिलं. पहिल्या तीन बहुतेक ठिकाणी होतात. चौथी राहते. २८ मार्चला भरती झालेला पेशंट ३ एप्रिलला घरी जातो. त्याचे मार्चमधले दिवस यंदाच्या मोजणीत आलेले असतात, पण बिल पुढच्या वर्षात पडतं. असे २०-२५ पेशंट असले की पेशंटने व्यापलेल्या खाटांचे दिवस आणि उत्पन्न यांचा मेळ बसत नाही, आणि सीए जूनमध्ये प्रश्न काढतात तेव्हा ते केसपेपर गठ्ठ्यात गेलेले असतात.

आधी खाटा ठरवा

"आमचं ६० खाटांचं हॉस्पिटल" हे वाक्य तपासून पाहिल्याशिवाय छापू नका. महापालिकेच्या नर्सिंग होम नोंदणीत एक आकडा असतो, वॉर्डात मांडलेल्या खाटांचा दुसरा आणि स्टाफसह चालू असलेल्यांचा तिसरा. अहवालात चालू खाटा धरायच्या, आणि नोंदणीचा आकडा वेगळा असेल तर तोही शेजारी द्यायचा. लेबर टेबल, ऑपरेशननंतरच्या रिकव्हरीतल्या खाटा, डायलिसिसच्या खुर्च्या आणि आईजवळच्या निरोगी बाळाचे पाळणे यात येत नाहीत. एनआयसीयूचे (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाचे) वॉर्मर मोजायचे असतील तर दरवर्षी मोजा. एक वर्ष धरायचे आणि एक वर्ष सोडायचे असं नको.

वर्षात मध्येच खाटा कमी-जास्त झाल्या तर सरासरी अंदाजाने धरू नका. समजा ६० पैकी १० खाटा दुरुस्तीसाठी १ ऑक्टोबरपासून बंद होत्या. एप्रिल ते सप्टेंबर १८३ दिवस, ऑक्टोबर ते मार्च १८२. म्हणजे ६० × १८३ अधिक ५० × १८२, एकूण २०,०८० खाट-दिवस (एक खाट एक दिवस चालू म्हणजे एक खाट-दिवस). सरसकट ६० × ३६५ केलं तर २१,९०० येतात आणि खाटा उगाच रिकाम्या पडल्यासारख्या दिसतात. २०२३-२४ मध्ये २९ फेब्रुवारी होता, म्हणून त्या वर्षाला ३६६ दिवस. जुन्या अहवालाशी तुलना करताना हे हमखास विसरतं.

रात्री १२ ची मोजणी

सगळ्या अहवालाचा पाया वॉर्डातल्या रोजच्या सेन्ससवर, म्हणजे पेशंटच्या शिरगणतीवर आहे. नाइटच्या सिस्टरने लिहिलेली एक ओळ अशी दिसायला हवी: कालचे शिल्लक १८, नवीन भरती ५, दुसऱ्या वॉर्डातून आलेले २, डिस्चार्ज ६, दुसऱ्या वॉर्डात गेलेले १, मृत्यू ०, आजचे शिल्लक १८. अठरा, पाच आणि दोन मिळून पंचवीस. त्यातून सात गेले की अठरा. हा हिशोब झाल्यावर तिने खाटांवरची माणसं मोजायची. दोन्ही आकडे जुळले तरच सही. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं: माणसं मोजून शिल्लक लिहितात आणि मधले रकाने सकाळी अंदाजाने भरतात.

सगळ्यात महाग चूक बदलीची. आयसीयूतून जनरल वॉर्डात आलेल्या पेशंटची सॉफ्टवेअरमध्ये "डिस्चार्ज" आणि "नवीन भरती" अशी नोंद झाली, की एका माणसाच्या दोन भरत्या होतात. भरती फुगते, सरासरी मुक्काम घटतो आणि दोन्ही गोष्टी कौतुकाच्या वाटतात. दर महिन्याला एकदा तपासा: सगळ्या वॉर्डांतून "बदलून गेलेले" आणि "बदलून आलेले" यांची बेरीज सारखीच यायला हवी. येत नसेल तर चूक त्या महिन्यातच शोधा. वर्षाच्या शेवटी ती सापडत नाही.

सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे मोतीबिंदूचे, डायलिसिसचे, केमोचे पेशंट रात्रीच्या मोजणीत नसतात. त्यांना भरतीत मिसळू नका. डे-केअरचा वेगळा रकाना ठेवा.

आता सूत्रं. उदाहरणादाखल ६० खाटा, ३६५ दिवस, वर्षभराच्या रात्रींच्या मोजणीची बेरीज १४,२३५ आणि मृत्यू धरून डिस्चार्ज ३,६५०.

खाटांचा वापर म्हणजे १४,२३५ भागिले २१,९००, ६५ टक्के. सरासरी मुक्काम म्हणजे १४,२३५ भागिले ३,६५०, ३.९ दिवस. एका खाटेवर वर्षात किती पेशंट झाले, तर ३,६५० भागिले ६०, जवळपास ६०.८. पडताळा असा: ६०.८ ला ३.९ ने गुणलं की साधारण २३७ दिवस येतात. ३६५ पैकी २३७ म्हणजे ६५ टक्के. तीन आकडे तीन लोकांनी काढले असतील तर हा गुणाकार बसत नाही, आणि तिथेच चूक कळते.

मृत्यूदर छापताना एकूण आणि निव्वळ असे दोन्ही द्या. निव्वळ दरात भरतीनंतर ४८ तासांच्या आत गेलेले पेशंट वरच्या आकड्यातूनही (मृत्यू) वजा करायचे आणि खालच्यातूनही (डिस्चार्ज). अनेक जण फक्त वरून वजा करतात. कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) मृतावस्थेत आणलेली व्यक्ती भरतीतला मृत्यू नव्हे. बाळंतपणाच्या तक्त्यात प्रसूती आणि जन्म हे रकाने वेगळे ठेवा, कारण जुळ्यांची प्रसूती एक आणि जन्म दोन. सिझेरियनचं प्रमाण प्रसूतींवर काढायचं. आमच्या नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाणा तालुक्यांकडून बाळंतपणात अडलेल्या बायका रेफर होऊन येत असतील तर ते प्रमाण चढंच दिसणार. म्हणून रेफर होऊन आलेल्या आणि नाव आधीपासून नोंदवलेल्या, असे दोन गट करा. नुसता एकच टक्का छापून विश्वस्तांना उत्तरं देत बसण्यापेक्षा हे सोपं.

ओपीडीची फसवी वाढ

ओपीडीचा आकडा केसपेपरच्या नियमावर नाचतो. केसपेपरची मुदत १५ दिवसांवरून ७ दिवसांवर आणली, की एकही पेशंट न वाढता "नवीन" पेशंट वाढतात. आम्ही तर म्हणू, असा बदल झालेल्या वर्षी नवीन-जुना हा फरक तुलनेसाठी वापरूच नये. एकूण तपासण्या द्याव्यात आणि तक्त्याखाली मुदत कधी बदलली ती तारीख लिहावी. शिबिरातल्या तपासण्या ओपीडीत मिळवायच्या नाहीत. एका रविवारी सिन्नरला ४०० जणांचा रक्तदाब मोजला, तर ते शिबिराच्या पानावर जातं.

डायलिसिसला माणसं आणि सेशन दोन्ही लिहा. आठवड्याला तीनदा येणाऱ्या एका पेशंटचे वर्षाला १५६ सेशन होतात. "१,५६० डायलिसिस रुग्णांना लाभ" असं छापलं तर प्रत्यक्षात ते दहाच लोक असू शकतात. लॅबमध्येही तसंच: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ही एक तपासणी की त्यातले सगळे घटक वेगळे, हे मशीनच्या रिपोर्टवरून नाही, बिलाच्या ओळींवरून ठरवा.

पेशंट कुठून येतात हा तक्ता नाशिकला विशेष जपून करावा लागतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत पेठ, सुरगाण्याचे मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांवर राहायला असतात. काउंटरवर पत्ता विचारला की ते मळ्याचा पत्ता सांगतात. मग दिंडोरीचे पेशंट वाढलेले आणि सुरगाण्याचे घटलेले दिसतात, आणि त्यावरून कुणी फिरत्या दवाखान्याची गाडी चुकीच्या रस्त्याला लावतं. केसपेपरवर "सध्याचा पत्ता" आणि "मूळ गाव, तालुका" हे दोन रकाने छापून घ्या. खर्च काही नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांनाही याचा उपयोग होतो.

महिनावार आलेखही द्या, कारण आपल्याकडचं वर्ष सपाट नसतं. पावसाळा आणि त्यानंतर डेंग्यूचे दिवस, इगतपुरी-त्र्यंबककडचे सर्पदंश, वणीच्या गडाची चैत्र-नवरात्राची गर्दी, यांनी महिने वरखाली होतात. एप्रिल-जूनची तुलना गेल्या एप्रिल-जूनशीच करा, आधीच्या तिमाहीशी नको. सिंहस्थ कुंभमेळ्याचं वर्ष तर वेगळं काढून ठेवा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या पर्वण्यांमुळे २०२७-२८ चे कॅज्युअल्टीचे आकडे चढतील. पुढच्या वर्षी ते उतरले तर ती घसरण नव्हे. यात्रेकरू पेशंटसाठी आतापासून एक वेगळी खूण ठेवली तर तेव्हा तुलना करता येईल.

पैशाची बाजू

ट्रस्टचा ताळेबंद सार्वजनिक विश्वस्त नियमांच्या परिशिष्ट आठ आणि उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट नऊच्या नमुन्यात असतं, आणि ते वाचून सामान्य सभासदाला रुग्णालय कसं चाललंय हे कळत नाही. ते जसंच्या तसं मागे जोडा. पुढे एक पानी तक्ता करा: पेशंटकडून आलेलं, सरकारी योजना आणि विम्याकडून आलेलं, देणग्या, व्याज, समोर पगार, डॉक्टरांचं मानधन, औषधं-साहित्य, वीज-ऑक्सिजन, देखभाल, घसारा. दोन्हीकडची बेरीज मागच्या पत्रकाशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि कॅशलेस विमा यांच्यासाठी प्रत्येक क्लेमला पाच रकाने लागतात: पाठवलेली रक्कम, मंजूर, कापलेली, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर), खात्यात आलेली. नेहमीची चूक अशी: १ लाखाच्या मंजूर क्लेमवर १० टक्के टीडीएस जाऊन बँकेत ९० हजार येतात आणि अकाउंटंट ९० हजारच उत्पन्न लिहितो. मग आयकराच्या पोर्टलवरचा आकडा आणि आपली वही जुळत नाही, आणि १० हजारांचा परतावा मागायचा राहून जातो. उत्पन्न १ लाख लिहा, १० हजार येणं दाखवा. ३१ मार्चला येणं असलेल्या क्लेमची वयवारी काढा: ९० दिवसांपर्यंतचे, १८० पर्यंतचे, त्यापुढचे. शेवटच्या गटातले किती कागदांच्या त्रुटीमुळे अडकलेत हे वेगळं सांगा. तो आकडा विश्वस्तांना आवडत नाही, म्हणून छापलाच पाहिजे.

धर्मादाय खाटांचं पान सर्वात काळजीने करायचं. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार चालू खाटांपैकी १० टक्के निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, आणि या दोन गटांखेरीज बाकी पेशंटच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. इथे तीन चुका होतात. एक, २ टक्के जमा झालेल्या रकमेवर काढतात. ते सूट देण्याआधीच्या एकूण बिलावर काढायचे. ६ कोटींच्या बिलिंगवर १२ लाख. दुसरी, मोफत उपचाराची किंमत स्पेशल रूमच्या दराने लावून दानधर्म मोठा दाखवतात. आकारणी सर्वात खालच्या वर्गाच्या दराने आणि औषधं खरेदीच्या भावाने धरायची असते. तिसरी, फुले योजनेतून पैसे मिळालेला पेशंट निर्धनांच्या यादीतही मोजतात. सहधर्मादाय आयुक्तांकडे दरमहा गेलेल्या तक्त्यांची बारा महिन्यांची बेरीज घ्या आणि तोच आकडा छापा. खाटा राखल्याचं नुसतं सांगू नका, वापर दिवसांत द्या: ६ खाटांचे वर्षाला २,१९० दिवस, त्यातले किती भरले.

देणग्यांत कायम निधीची देणगी वेगळी. दात्याने तसं लेखी दिलेलं असेल तरच ती कायम निधीत धरता येते. पावतीवर आपणच शिक्का मारून भागत नाही. २ हजारांवरच्या रोख देणगीला दात्याला आयकरातली देणगीची (८० जीची) सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा. कुणी डायलिसिस मशीन दिलं तर ते किंमत आणि तारखेसह मालमत्तेत घ्या. "देणग्यांत वाढ" म्हणून रोख देणग्यांच्या बेरजेत घालू नका. आणि मशीन ट्रस्टने स्वतः घेऊन त्याचा पूर्ण खर्च आयकरात धर्मादाय वापर म्हणून दाखवला असेल, तर त्याच मशीनचा घसारा तिथे पुन्हा मागता येत नाही. वहीत घसारा असतो, कराच्या हिशोबात नसतो. दोन तक्ते वेगळे का, याची एक ओळ खाली टाका.

छपाईआधी

तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवा. दोनच ठेवले तर एखादं विचित्र वर्ष आधार ठरतं. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल जानेवारी-डिसेंबरचा असतो आणि ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. त्यातले किलो आपल्या एप्रिल-मार्चच्या खाट-दिवसांनी भागू नका, बारा महिन्यांचे मूळ आकडे पुन्हा जुळवा. लेखापरीक्षण ३० सप्टेंबरच्या आत व्हायचं असतं, म्हणून आर्थिक पानं सीएंची सही झाल्यावरच प्रेसला द्या. सेवांची पानं मात्र जुलैतच मेट्रन, एमआरडी (केसपेपर जपणारा नोंदी विभाग) आणि बिलिंग या तिघांसमोर एकत्र बसून वाचून घ्या. तिघांकडे आपापलं रजिस्टर उघडं असावं. एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने पान क्रमांक सांगायचा आणि तो पेन्सिलने प्रूफच्या समासात लिहायचा. ते प्रूफ फेकू नका, त्या वर्षाच्या फाइलला लावून ठेवा.